ओढ वाढली की तुटतं काय?

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा मलकापूरला घरी आला, तो खिशात एक यादी घेऊनच. मोठा डिझेल पंप, मोठे नॉझल, टर्बो, हलके पिस्टन. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून त्याला ओढीच्या स्पर्धेसाठी ट्रॅक्टर बांधायचा होता. परदेशातल्या अशा स्पर्धा त्यानं मोबाईलवर पाहिल्या होत्या. आपल्याकडं स्पर्धा कुठं आहे, असं विचारलं तर म्हणाला, "मामू, आधी ट्रॅक्टर तर होऊ दे."

मी पडलो बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण माझे अब्बा इंजिनाचे मिस्त्री होते. कराड-मलकापूरच्या पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिनं खोलण्यात आणि जोडण्यात त्यांचा जन्म गेला. यादी वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला : "नवं काय बसवतोस ते मागनं सांग. ते बसवल्यावर तुटंल काय, ते आधी सांग."

हा प्रश्न आपल्या कृष्णाकाठाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घरोघर पोचला. पण तो लाकडी नांगरापेक्षा खोल जाई. खोल नांगरट म्हणजे जड ओढ. एका जोडीच्या जागी अनेक जोड्या जुंपाव्या लागल्या. नांगर मजबूत झाला आणि ताण जुवावर, दोरांवर, बैलांच्या खांद्यांवर गेला.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगर बनवत होता. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्या कारखान्यात 1930 च्या दशकात डिझेल इंजिन तयार झालं. देशात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. 1946 मध्ये किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी काढली. मोटेवरचा बैल सुटला, विहिरीवर इंजिन धडधडू लागलं. पण आता घासायचं ते बेअरिंग, तुटायचा तो पट्टा. बैल दमला की थांबतो. इंजिनाला दम लागलेला कळतच नाही.

मग ट्रॅक्टर आला. भारतात जुळणी झालेला पहिला आयशर ट्रॅक्टर 1959 साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. आमच्याकडं त्याचं खरं राज्य उसाच्या हंगामात. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडं दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं अधांतरी होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सांगली-कोल्हापूर भागात ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर मागं घेण्याच्या स्पर्धाही भरतात. ती कसबाची परीक्षा. निव्वळ ओढीची नव्हे.

निव्वळ ओढीच्या स्पर्धा अमेरिकेत 1929 साली मिसुरी आणि ओहायो राज्यांत सुरू झाल्या. पूर्वी घसरगाडी पुढं सरकेल तशी माणसं एकेक करून तिच्यावर चढत आणि वजन वाढवत. आता गाडीवरची वजनाची पेटीच ट्रॅक्टरच्या दिशेनं सरकत जाते. सुरुवातीला हलकं वाटणारं ओझं पुढं पुढं जड होत जातं. युरोपात शंभर मीटर पार केले की पूर्ण ओढ.

भाच्याच्या यादीत मोठा पंप पहिला होता. अब्बा असते तर म्हणाले असते, "डिझेल वाढवशील, पण श्वास कुठनं आणशील?" हवा न वाढवता डिझेल वाढवलं तर नुसता काळा धूर निघतो आणि पिस्टन तापून वितळण्यापर्यंत वेळ येते. हवेसाठी टर्बो लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि हेडचं पॅकिंग उडतं. म्हणून हेडचे बोल्ट आधी मजबूत हवेत. फेरे दुप्पट केले तर कनेक्टिंग रॉडवरची खेच दुप्पट नाही, चौपट होते. बिडाचं फ्लायव्हील त्या वेगाला फुटतं आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून परदेशात फ्लायव्हील पोलादी घेतात, वर जाड पोलादी कवच घालतात. यादी अशी उलट्या बाजूनं वाचायची असते.

अब्बांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवर रिंगा झिजलेलं इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटलं. डिझेल बंद केलं तरी थांबेना. अब्बांनी ओलं पोतं हवेच्या तोंडावर दाबून धरलं. इंजिन थांबलं, पण त्याआधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता आणि एक तुकडा त्यांच्या पोटरीत घुसला होता. अब्बा शेवटपर्यंत लंगडत चालले. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "पोरगं लांब उभं होतं, बरं झालं." ते पोरगं म्हणजे मी.

हे मी भाच्याला प्रथमच सांगितलं. पंजाबात 2023 साली ट्रॅक्टरच्या कसरतीत एक तरुण गेला आणि सरकारला अशा कसरतींवर बंदी घालावी लागली, तेही सांगितलं. तो काही बोलला नाही. यादी घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी नवी यादी आली. पहिल्या ओळीत हवेचं तोंड बंद करणारी झडप आणि तिला ओढायची दोरी. मग पुढची वजनं, पोलादी फ्लायव्हील, कवच, रॉड, हेडचे बोल्ट. पंप सर्वांत शेवटी. ट्रॅक्टर अजून उघडाच पडलाय. पैसे साठतील तसं काम चाललंय. परवा त्यानं विचारलं, "मामू, दोरी कुणाच्या हातात द्यायची?" म्हटलं, "मी धरीन. पण या खेपेला लांब उभा राहून."