पालवणकर बाळू : चेंडू आणि बॅट

एकोणिसाव्या शतकातील आपल्याकडील क्रिकेटचा इतिहास बहुधा फलंदाजांच्या धावसंख्यांवरून लिहिला जातो. त्या धावांमागे कोणाचे श्रम होते, याचा विचार पालवणकर बाळू (१८७६-१९५५) यांच्या क्रीडाजीवनावरून करता येतो. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू १८९२ मध्ये पुण्याच्या युरोपीय जिमखान्यात दरमहा ४ रुपये वेतनावर लागले. तेथे सरावात ते ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजास तासन्‌तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे, कारण फलंदाजी हा सभासदांचा मान समजला जाई. या चाकरीतच त्यांची डावखुरी फिरकी गोलंदाजी घडली. पुढे पुण्यातील हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. तरी खेळताना त्यांनी हाताळलेला चेंडू सहकाऱ्यांना चाले, चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपीयांस १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. तथापि हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांस लाभला. गुण मान्य करूनही अधिकार नाकारता येतो, हेच या कारकीर्दीवरून सिद्ध होते.