मुंबई नगरसुधारणा न्यास
मुंबईतील दाट वस्त्यांच्या पुनर्रचनेसाठी १८९८ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली संस्था. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. कोंदट वस्ती हे तिचे एक कारण मानले गेल्याने न्यासाने जुनी घरे पाडून, समुद्रावरील वारा शहरात खेळावा अशा बेताने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड इ. रुंद रस्ते काढले. त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या, तसेच दादर, माटुंगा येथे आखीव उपनगरे वसविली. तथापि घरे गमावलेल्या अनेक गरिबांना नवी घरे परवडली नाहीत. ते लगतच्या इमारतींत दाटीने राहू लागले व तेथील गर्दी वाढली. १९३३ मध्ये न्यास महानगरपालिकेत विलीन झाला. पाडकामापूर्वी विस्थापितांच्या निवाऱ्याची सोय करण्याचा प्रश्न मात्र मुंबईच्या नगररचनेत अद्यापि कायम आहे.