रॅकूनला दूर सोडण्याची किंमत

१/ उत्तर अमेरिकेत माळ्यावर रात्री पावले वाजू लागली की पहिला संशय रॅकूनवर जातो. डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर वलये, पुढचे पंजे हातासारखे चपळ. त्याला न मारता काढायचे, तर पिंजऱ्यात पकडून दूरच्या रानात सोडावे, असे सहज वाटते. हा मार्ग आज अयोग्य का मानला जातो, यामागे एका साथीचा इतिहास आहे.

२/ रॅकूनमधील रेबीजची नोंद १९४०च्या दशकात फ्लॉरिडात झाली. पुढची सुमारे तीन दशके तो अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतच संथपणे पसरत होता.

३/ १९७७मध्ये मात्र तो शेकडो किलोमीटर उत्तरेला, वेस्ट व्हर्जिनियात आढळला. एवढी मजल रॅकून स्वतः मारत नाही. शिकारीसाठी संख्या वाढावी म्हणून आग्नेयेकडील रॅकून तिकडे नेऊन सोडले जात होते. त्यांच्याबरोबर विषाणूही गेला, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

४/ तेथून साथ ईशान्येकडील राज्यांत पसरली आणि १९९९मध्ये कॅनडातील ओंटारिओत पोहोचली. तेथे बाधित जागांभोवतीचे रॅकून मारण्यात आले. त्याबाहेरच्या पट्ट्यातील रॅकूनांना पकडून, लस टोचून सोडण्यात आले.

५/ प्राणी हलवण्यामागचा हेतू शिकारीचा असो वा दयेचा, विषाणूच्या दृष्टीने प्रवास सारखाच. म्हणून ओंटारिओच्या नियमानुसार पकडलेला रॅकून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो.

६/ दूर नेण्यात आणखी एक क्रौर्य दडलेले असते. वसंतात माळ्यावर शिरलेली मादी बहुधा पिल्ले घेऊन असते. तिला एकटीला नेले, तर पिल्ले छपराखाली उपाशी मरतात.

७/ त्यामुळे आजची पद्धत संयमाची आहे. शक्य असल्यास पिल्ले चालती होईपर्यंत थांबावे. मग वाटेवर बाहेरच उघडणारे झडपेचे दार बसवावे. आत कोणी उरले नाही याची खात्री झाल्यावरच भोक जाड जाळीने बंद करावे. घाई असेल, तर प्रशिक्षित माणसाकरवी पिल्ले बाहेर उबदार पेटीत ठेवतात. आई त्यांना एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते.

८/ ते बीळ बहुधा त्याच वस्तीत असते. घरमालकाला तोच रॅकून उद्या कुंपणावर पुन्हा दिसेल. त्याचे शेजारपण सोसणे, ही १९७७नंतर शिकलेली गोष्ट आहे.