उशिरा आलेली मुलगी

१९१३ सालची गोष्ट. रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात एक आई आपल्या मुलीला शाही नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेला घेऊन गेली. सोबत तिचा नऊ वर्षांचा मुलगाही होता. तोही परीक्षेला उभा राहिला आणि झाले भलतेच! मुलीला नकार मिळाला, मुलाची निवड झाली. पोरगा शाळेतून पळालासुद्धा. पण त्याला परत यावेच लागले. हाच पुढे जॉर्ज बॅलन्शिन या नावाने जगाला ठाऊक झाला.

त्याचे मन वळवले ते रंगमंचाने. ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेत त्याला छोट्या मदनाचे काम मिळाले. दिव्यांचा झगमगाट आणि वाद्यवृंदाचे सूर यांनी पोर भारून गेले. रोजच्या रुक्ष कवायतीला अर्थ आला.

पुढे १९१७ची क्रांती झाली. आईवडील जॉर्जियाला गेले. हा मागे राहिला. मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून त्याने पोटाची खळगी भरली. १९२४ साली काही नर्तकांसह तो जर्मनीच्या दौऱ्यावर गेला, तो परतलाच नाही.

त्याच वर्षी दिआघिलेव्हच्या प्रसिद्ध नृत्यमंडळीत त्याला आश्रय मिळाला. तेथे तो नाचे, नृत्येही बसवी. पण पुढे गुडघा दुखावला. गवयाला जसा गळा, तसा नर्तकाला गुडघा! स्वतःच्या पायांनी जे साधेना ते त्याने दुसऱ्यांच्या पायांतून साधले. १९२८ साली स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर त्याने ‘अपोलो’ बसवले. सगळेच दाखवायचे नसते, काही गाळायचेही असते, हे त्या संगीताने आपल्याला शिकवले, असे तो सांगे.

१९२९ साली दिआघिलेव्ह वारला आणि मंडळी मोडली. १९३३ साली लिंकन कर्स्टीन या तरुण अमेरिकनाने त्याला अमेरिकेला बोलावले. बॅलन्शिनचा आग्रह होता, आधी शाळा! २ जानेवारी १९३४ रोजी ती उघडली.

तेथे चायकोव्हस्कीच्या संगीतावर तो ‘सेरेनाड’ बसवू लागला. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या. त्याने सतरा जणींची रचना केली. नंतर कधी नऊ, कधी सहाच. जितक्या येतील तितक्यांचे नृत्य! एक मुलगी उशिरा आली, एक पडली. दुसरा गुरुजी रागावला असता. याने ते उशिरा येणे आणि ते पडणे नृत्यातच गुंफले. नवशिक्यांची उणीव हीच त्या कृतीची शोभा ठरली.

१९४८ साली न्यूयॉर्क सिटी बॅले ही संस्था उभी राहिली. १९५४ साली त्याने बसवलेले ‘नटक्रॅकर’ नाताळात मुलाबाळांसह पाहण्याची तिथल्या घराघरांत रीतच पडली.

दुःखही चुकले नाही. १९५६ साली कोपनहेगनच्या दौऱ्यात त्याची पत्नी, गुणी नर्तिका तानाकिल ल क्लेर्क, हिला पोलिओ झाला. तिचे पाय कायमचे गेले.

१९६२ साली तो आपली मंडळी घेऊन मॉस्कोला उतरला. विमानतळावर भाऊ आंद्रिया भेटला, चार दशकांहून अधिक काळानंतर. आईवडील मात्र तोवर निवर्तले होते. ज्या आईने त्याला त्या शाळेच्या दारी नेले, तिने त्याची ही कीर्ती डोळ्यांनी पाहिली नाही.

३० एप्रिल १९८३ रोजी बॅलन्शिन न्यूयॉर्कमध्ये वारला. ‘सेरेनाड’ आजही होते. त्यात एक मुलगी उशिरा येते आणि आपली जागा शोधत रांगेत जाऊन उभी राहते.