प्रकाशमापक (छायाचित्रणातील)
दृश्यातील प्रकाश मोजून फिल्मच्या किंवा संवेदकाच्या वेगानुसार छिद्र व शटरवेग सुचवणारे उपकरण. १९३० च्या दशकात सेलेनियम घटाचे मापक प्रचारात आले. त्यांना बॅटरी लागत नसे. परावर्तित प्रकाश मोजणारा मापक समोरचे सारे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. म्हणूनच त्याच्या भरवशावर टिपलेला बर्फ मळकट आणि काळी घोंगडी राखाडी उमटते. बर्फासाठी उद्भासन (फिल्मवर किंवा संवेदकावर पडू द्यायचा प्रकाश) एक-दोन स्टॉप वाढवणे, घोंगडीसाठी कमी करणे हा निर्णय छायाचित्रकाराचाच, आणि खरे कौशल्य तिथेच लागते. वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणाऱ्या, पांढऱ्या घुमटाच्या मापकाची अशी फसगत होत नाही. मात्र तो वस्तूवरच्याच प्रकाशात धरावा लागतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत निगेटिव्हचे उद्भासन सावलीतील तपशिलावरून ठरते.