वाचणाऱ्याचं देणं

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे जाडजूड खंड उघडून बघा. त्यात लेखक सापडेल, समीक्षक सापडेल, संपादक सापडेल. संमेलनाचे अध्यक्ष तर ओळीने उभे असतील. वाचक नावाचा माणूस मात्र सापडणार नाही. जसा काही लेखकाने लिहिलं, समीक्षकाने तपासलं आणि प्रकरण तिथेच मिटलं! दलित साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही हाच कित्ता गिरवला. कोणत्या पांढरपेशा समीक्षकाने पाठ थोपटली, कोणत्या प्राध्यापकाने नाक मुरडलं, यावर पानंच्या पानं खर्ची घातली. पण ज्याने पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेतलं, चाळीच्या दिव्याखाली ते वाचलं, चार जणांना वाचून दाखवलं, तो कुठे गेला?

मी गणपतीपुळ्याच्या बाजूची. सुट्टीच्या दिवशी देवळाकडे गाड्यांची रांग लागते, त्या रस्त्यावरून पाखाडी चढून वर काताळावर आलं की आमची बौद्धवाडी. मी एक कादंबरी लिहिली. पेपरात तिच्यावर चार ओळी आल्या. पत्रं मात्र पिशवीभर आली. त्या पत्रांचे आभार मानायचे आहेत. पण नुसतं 'धन्यवाद' म्हणून हात जोडणं हा झाला सभेतला शिष्टाचार. आभार मानायचे तर हिशेब मांडून मानावेत. आमच्या माणसांत हा वाचणारा कधी जन्माला आला, त्याने काय काय सोसलं आणि लिहिणाऱ्याला काय दिलं, हे शोधत गेले. ते इथे मांडते.

सुरुवात आमच्या शेजारापासूनच करू. गणपतीपुळ्याला लागून मालगुंड. तिथे 1866 साली केशवसुत जन्मले. मराठी कवितेला नवं वळण देणारा माणूस. त्यांनी अंत्यजाच्या मुलाच्या मनात उठणाऱ्या पहिल्या प्रश्नावर कविता लिहिली. ब्राह्मण घरात जन्मून त्या काळात हे लिहिणं सोपं नव्हतं, हे कबूल केलंच पाहिजे. पण ज्या पोराचा तो प्रश्न होता, त्याच्या हातात ती कविता कशी पोचणार होती? त्या काळी आमच्या वाडीत अक्षर ओळखणारं कोणी नव्हतं. म्हणजे कविता आमच्याविषयी, वाचक मात्र दुसरेच. केशवसुत स्वतः 1905 साली वारले. त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं ते त्यांच्या मागे. आपल्या पुस्तकाचा वाचक त्या कवीलाही बघायला मिळाला नाही. 1994 साली मालगुंडला त्यांच्या घराच्या जागी स्मारक झालं. प्रवासी येतात, बघून जातात. कवीला जागा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. कवितेतल्या त्या पोराला जागा कोण देणार, एवढंच विचारते.

ते पोर वाचायला शिकलं कुठे? याचंही उत्तर आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे, दापोलीच्या कॅम्पात. इंग्रजांच्या पलटणीत आमची माणसं शिपाई होती. पलटणीच्या शाळेत शिपायाला आणि त्याच्या पोरांना अक्षर शिकवत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच पलटणीतल्या शाळेचे शिक्षक. आंबडवे हे त्यांचं मूळ गावही याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. पेन्शनीत निघालेले महार-चांभार शिपाई दापोलीला वस्ती करून राहिले. गावकुसाबाहेर अक्षर आलं ते असं, बुटांच्या टाचांबरोबर आलं.

या वस्तीतून गोपाळबाबा वलंगकर पुढे आले. मूळचे महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतून पेन्शनीत निघालेले. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. ते सगळं प्रश्नांच्या रूपात आहे. विटाळ आला कुठून, तो मानता का, असे सवाल सवर्णांना केलेले. 'दीनबंधु'त त्यांनी सतत लिहिलं. पुढे सरकारने आमच्या माणसांची पलटणभरती बंद केली, तेव्हा 1894 साली त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. मालगुंडच्या कवीने एक प्रश्न बघून लिहिला, दापोलीच्या पेन्शनराने अनेक प्रश्न भोगून लिहिले. त्यांच्या पाठीशी पेन्शनर शिपायांची छोटीशी का होईना, वाचणारी वस्ती होती. आमच्या लिहिण्याला आमचा वाचक मिळाला तो इथून, असं मी मानते.

मग बाबासाहेब आले. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. तरी ते पत्र 1923 पर्यंतच टिकलं. 1927 च्या मार्चमध्ये महाडचं तळं पेटलं आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. हे पत्र कसं चालत होतं? संपादकाला पगार नाही, मदतनीस नाहीत, अंकाचे चोवीसच्या चोवीस रकाने एकट्याने भरायचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस रात्री जागून हे करत होता. 1928 च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी त्यात लेख लिहिला. त्यात त्यांनी सरळ विचारलं की या पत्राचं ऋण हे लोकांचं ऋण आहे की नाही?

हा सवाल मला फार मोठा वाटतो. त्या आधी लेखक आणि वाचक यांच्यात देणं-घेणं असतं, असं आमच्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला बलुतं ठाऊक होतं, भीक ठाऊक होती, वरून फेकलेला तुकडा ठाऊक होता. बाबासाहेबांनी सांगितलं, हे पत्र तुझं आहे, याचा खर्च तुझ्या अंगावर आहे. वाचकाला ऋणको म्हणणं म्हणजे त्याला मालकही म्हणणं. पुढे 'जनता' आलं, 1956 साली त्याचं 'प्रबुद्ध भारत' झालं. ही पत्रं एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले, त्यातून न वाचणाऱ्यापर्यंतही तोच विचार गेला. खपाच्या आकड्यावरून आमचा वाचक मोजणाऱ्याला हे कधी कळणार नाही. आमच्यात कान हाही वाचकच आहे.

आता कादंबरीकडे येते. आमच्यात कवी भरपूर, कादंबरीकार कमी. का? प्रतिभेचा प्रश्न नाही, जागेचा आहे. कविता बसच्या तिकिटामागे मावते. कादंबरीला महिनोन् महिने लागतात, टेबल लागतं, कोपरा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत जिथे आठ माणसं झोपतात तिथे कोपरा कुठून आणायचा? तरीही अण्णा भाऊ साठ्यांनी तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. वाटेगावचा हा मांगाचा मुलगा, जन्म 1 ऑगस्ट 1920. शाळा दीड दिवसाची म्हणतात. बापाबरोबर पायी मुंबईला आला, गिरणीत राबला, कामगार चळवळीत अक्षर पक्कं केलं, पोवाडे-लोकनाट्य गात गात कादंबरीपर्यंत पोचला. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिलं. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनीच केलं. 1959 साली 'फकिरा' आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 साली तिला सरकारी पारितोषिक मिळालं. पण त्याआधीच कामगार वस्त्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. आधी श्रोता, मग वाचक, मग सर्वांत शेवटी समीक्षक. आमच्याकडे क्रम असाच लागतो.

1963 साली बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती!' आलं. औरंगाबादेहून गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं, आणि त्याचे मेळावे भरवले ते लेखक-वाचक मेळावे म्हणून. नाव नीट वाचा. व्यासपीठ लेखकाचं आणि सतरंजी वाचकाची, असा तो प्रकार नव्हता. 1972 साली पँथर उभी राहिली, पोरांनी स्टेन्सिल कापून, शाई हाताला फासून अनियतकालिकं काढली. लिहिणारा, छापणारा, विकणारा आणि वाचणारा, चारही कामं एकच पोरगा करत होता.

1978 साली दया पवारांचं 'बलुतं' 'ग्रंथाली'ने काढलं. 'ग्रंथाली'सुद्धा वाचक चळवळ म्हणूनच सुरू झालेली. 'बलुतं' गाजलं. पण आपल्यातल्याच कित्येकांनी दया पवारांना विचारलं, घरची लक्तरं वेशीवर का टांगलीस? हे विसरून चालणार नाही. वाचक म्हणजे फक्त टाळ्या वाजवणारा नव्हे. तो जाब विचारतो. जाब विचारायचा त्याला हक्क आहे, कारण त्याच्या आयुष्यातून आपण उचललेलं असतं. पण लेखकालाही उत्तर द्यायचा हक्क आहे. वाचकाचं देणं मानणं वेगळं आणि वाचक सांगेल तेवढंच लिहिणं वेगळं. दया पवार 'बलुतं' लिहायचं थांबले असते, तर पुढच्या किती जणांची तोंडं उघडलीच नसती!

आमच्याच जिल्ह्यातल्या उर्मिला पवार घ्या. फणसवळ्याच्या. वडील लवकर गेले, आईने आयदानं विणून घर चालवलं. 1989 साली मीनाक्षी मून आणि त्यांनी मिळून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना घरोघर जाऊन गाठलं, त्यांच्या तोंडून इतिहास काढला. 2003 साली 'आयदान' आलं. त्याला पुण्याच्या साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात सरस्वतीपूजन का, एकाच धर्माची प्रतीकं साहित्यावर का लादता, असा सवाल करून त्यांनी तो नाकारला. कुणाची दाद घ्यायची आणि कुठल्या अटीवर घ्यायची, हेही लेखकाने ठरवायचं असतं. 2008 साली माया पंडितांनी 'आयदान' इंग्रजीत नेलं. रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवणाऱ्या बाया जगाने वाचल्या.

आता माझ्या पिशवीतली पत्रं. त्याआधी मी लिहायला कशी लागले ते सांगते, कारण दोन्ही एकाच धाग्यातलं आहे. आमच्या वाडीतले बापये मुंबईला. गिरणीत, गोदीत. वाडीत बाया, म्हातारी आणि पोरं. मनीऑर्डर यायची, चिठ्ठी यायची. चौथीत असल्यापासून मी वाडीची चिठ्ठ्या लिहिणारी. 'बाय, लिव गो, भात झोडून झाला, पोराला ताप हाय, पैशे धाडा.' मग जरा थांबून, पदर तोंडाला लावून, 'आणि लिव, कधी येताव?' न सांगितलेलं त्यात किती असायचं! कुठलं वाक्य लिहायचं, कुठलं गिळायचं, हे मी त्या बायांकडून शिकले. मुंबई मंडळाचे लोक मे महिन्यात गावी येताना जुने अंक गुंडाळून आणायचे, ते विहारात मोठ्याने वाचायचं कामही माझ्याकडेच. माझी साहित्याची शाळा ती एवढीच. कादंबरी एका मासिकाने भाषा अशुद्ध म्हणून परत पाठवली, तेव्हा मी ती भाषा बदलली नाही. ती ज्यांची होती त्यांना विचारल्याशिवाय बदलणार कशी?

छापून आल्यावर पत्रं आली. मुंबईहून एका पेन्शनर गिरणी कामगाराने लिहिलं की नातीने तीन रात्री वाचून दाखवली, चौथ्या रात्री शेजारची खोली पण ऐकायला आली. मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, पाखाडी म्हणजे काय, काताळ म्हणजे काय, आणि आमच्याकडचे शब्द तुमच्याकडे का नाहीत. त्याने आपल्या गावचे वीसेक शब्द लिहून पाठवले. एका बाईने एवढंच विचारलं, 'पुढं तिचं काय झालं?' आणि एका कार्यकर्त्याने खरमरीत लिहिलं, आपल्या माणसाला दारुडा का दाखवलंत, शत्रूच्या हाती कोलीत का दिलंत? त्याला मी चार पानी उत्तर लिहिलं. दारू आमच्या वाडीत आहे, तिच्याशी लढणाऱ्या बायाही आहेत. एक झाकलं की दुसऱ्याही झाकल्या जातात. त्याचं पटलेलं नाही, माझंही नाही. पत्रं चालू आहेत. याला मी समीक्षा म्हणते.

तेव्हा दोस्तहो, आभार कसे मानायचे ते आता नीट सांगता येईल. 1928 साली बाबासाहेबांनी वाचकाला त्याच्या ऋणाची आठवण दिली, कारण तेव्हा लिहिणारा एकटा होता आणि वाचणाऱ्याला उभं करायचं होतं. आज तो वाचणारा उभा आहे. आता ऋण लिहिणाऱ्याच्या अंगावर आहे. ते फेडायचं म्हणजे त्याच्याशी खरं बोलायचं, त्याच्या पत्राला उत्तर द्यायचं आणि त्याला इतिहासात जागा द्यायची.

शेवटचं काम तुमचं. उर्मिलाताई आणि मीनाक्षीताई जशा घरोघर फिरल्या, तसे तुम्ही फिरा. तुमच्या गावात 'जनता' कोण वाचून दाखवायचं, ते विचारा. 'बलुतं' पहिल्यांदा कोणाच्या घरी आलं, कोणी लपवून वाचलं, कोणी रागाने आपटलं, ते लिहून घ्या. ट्रंकेतल्या पत्रांना, अनियतकालिकांच्या जुन्या अंकांना वाळवी लागते आहे. ती माणसंही एकेक करून चालली आहेत. समीक्षकांची पुस्तकं विद्यापीठं जपतील. ही पत्रं कोण जपणार?

जयभीम.