संगीतकाराचे हस्तलिखित पत्र : संग्रहमूल्य आणि साधनमूल्य (बीथोव्हेनच्या पत्रांच्या संदर्भात)

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. जुने पत्र हे इतिहासाचे अव्वल साधन होय, ही जाणीव तेव्हापासून मराठी अभ्यासकांत रुजलेली आहे. मात्र अभ्यासक ज्या पत्राकडे साधन म्हणून पाहतो, त्याच पत्राकडे संग्राहक वस्तू म्हणून पाहतो आणि या दोन दृष्टींनी ठरणारे मोल एकच असते असे नाही. प्रस्तुत लेखात युरोपीय अभिजात संगीतातील लुडविग व्हान बीथोव्हेन (१७७०–१८२७) याच्या पत्रांच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

लिलावात अशा पत्राची किंमत ठरविताना मजकूर स्वहस्ते लिहिलेला आहे की लेखनिकाच्या अक्षराखाली केवळ सही आहे, पत्र कोणास लिहिले, त्यात एखाद्या रचनेचा उल्लेख आहे काय, कागद अखंड आहे काय, या गोष्टी पाहिल्या जातात. सहीचे आकर्षण सर्वांत जुने. त्या हौसेपायी पत्राचा तेवढाच तुकडा कापून वहीत चिकटविणारेही होऊन गेले. उलट, साधनमूल्य कित्येकदा अगदी रूक्ष पत्रात आढळते. ऑगस्ट १८२५ मध्ये बीथोव्हेनने कार्ल होल्त्स यास ए मायनरमधील तंतुवाद्य चतुष्टकाच्या (ऑप. १३२) नकलेतील चुकांविषयी लिहिले. स्वरावरील टिंब आणि उभी रेघ ही चिन्हे एक नव्हेत, हे त्यात बजावलेले आहे. भावनेचा ओलावा शोधणाऱ्यास हे पत्र नीरस वाटेल. वादकाला मात्र ते आजही उपयोगी पडते.

मार्च १८२७ मध्ये बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत न पाठविलेली वा परत आलेली दोन लेखने मिळाली. पहिले ऑक्टोबर १८०२ चे ‘हायलिगेनश्टाट मृत्युपत्र’. वाढत्या बहिरेपणाची व्यथा सांगणारा हा मजकूर दोन्ही भावांना उद्देशून आहे. पण योहान या भावाचे नाव जेथे यावे तेथे कोरी जागा सोडलेली आहे. छापील प्रतीत एखादा संपादक ती सहज भरून टाकेल. मूळ कागद पाहणाऱ्यापुढे मात्र ती जागाच प्रश्न म्हणून उभी राहते.

दुसरे ‘अमर प्रेयसी’स पेन्सिलीने लिहिलेले पत्र. त्यावर ६ आणि ७ जुलै या तारखा आहेत. साल, स्थळ व नाव नाही. बीथोव्हेनचा चरित्रकार अँटोन शिंडलर याने ते १८०६ चे ठरविले. परंतु पत्रात ६ जुलै रोजी सोमवार असल्याचे नमूद आहे आणि १८०६ मध्ये त्या दिवशी रविवार होता! वार, कागदावरील जलचिन्ह व प्रवासाचे तपशील जुळवून अभ्यासकांनी १८१२ हे साल निश्चित केले. प्रेयसी कोण, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. जलचिन्हाचा पुरावा नकलेतून मिळत नाही; त्यासाठी मूळ कागदच हाती असावा लागतो.

शिंडलरचे उदाहरण आणखी एका कारणाने बोलके आहे. बहिरेपणामुळे बीथोव्हेनशी बोलणारे आपले म्हणणे वह्यांत लिहीत. या संभाषण-वह्या शिंडलरने जपल्या आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयास विकल्या. त्यांतील कित्येक नोंदी त्याने बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर स्वतः घुसडल्याचे १९७७ मध्ये उघड झाले. त्या नोंदींवर विसंबून लिहिलेली चरित्रे तोवर ग्रंथालयांतून रुळली होती. ज्याने साधन वाचविले त्यानेच ते गढूळ केले. म्हणूनच पत्र कोणाकोणाच्या हातून आले ही माहिती केवळ किंमत वाढविणारी बाब नाही, ती साधनचिकित्सेची पहिली पायरी ठरते.

तथापि सर्व संग्राहकांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. उपर्युक्त मृत्युपत्र १८८८ मध्ये गायिका येनी लिंड हिचे पती ओटो गोल्डश्मिट यांनी हांबुर्गच्या ग्रंथालयास दिले. लेखक श्टेफान त्स्वाइग यांनी जमविलेली हस्तलिखिते त्यांच्या वारसांनी १९८६ मध्ये ब्रिटिश लायब्ररीस अर्पण केली. १९६१ मध्ये एमिली अँडरसन या आयरिश विदुषीने बीथोव्हेनच्या पत्रांचा इंग्रजी अनुवाद तीन खंडांत सिद्ध केला. ब्रिटिश सरकारसाठी सांकेतिक लिपी उलगडण्यात त्यांनी अनेक वर्षे घालविली होती. बीथोव्हेनचे दुर्बोध अक्षर वाचण्यास ही पूर्वतयारी अनाठायी म्हणता येणार नाही. खाजगी संग्रहांची दारे उघडली नसती, तर असे कार्य अपुरेच राहिले असते.

काही वर्षांपूर्वी एका दिवंगत संगीतशिक्षकांच्या घरी प्रस्तुत लेखकास त्यांच्या गुरूंची पत्रे पाहावयास मिळाली. कुटुंबीयांनी ती प्लास्टिकच्या पाकिटांत अत्यंत आस्थेने लावून ठेवली होती. पत्रांवर महिना आणि दिवस होता, साल नव्हते. लिफाफ्यांविषयी विचारले असता, तिकिटे नातवाने काढून घेतली आणि उरलेले रद्दीत गेले, असे कळले. टपालाचा शिक्का त्या तिकिटांवर होता.